मातृभाषेच्या रकान्यात

“यांना अफेझिया झालाय,” डॉक्टर म्हणाले आणि एमआरआयवर मेंदूच्या डाव्या बाजूचा डाग दाखवला. पक्षाघाताच्या झटक्यात मेंदूतली भाषेची जागा दुखावली की माणसाला बोलता येत नाही, कधी ऐकलेलंही कळत नाही, त्याला अफेझिया म्हणतात. बुद्धी शाबूत असते, हेही त्यांनी सांगितलं. ते मी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

आई सटाण्याजवळच्या खेड्यात एकटी राहायची. दोन खोल्या आणि एक गाय. मी नाशिकला शाळेत शिकवते, विषय मराठी. धाकटा भाऊ संजय सटाण्यात असतो, त्यानेच तिला इकडे आणलं.

पाचव्या दिवशी स्पीच थेरपीची चाचणी होती. फॉर्मवर मातृभाषेचा रकाना होता. मी बेधडक मराठी लिहिलं. आई जन्मभर अहिराणी बोलली. पण आमच्याकडे अहिराणी घरात बोलायची आणि कागदावर मराठीच लिहायची, असंच चालत आलंय. शिवाय खरं सांगते, मला लाज वाटायची. पाहुण्यांसमोर ‘नीट बोल गं आई’ म्हणून मी तिला किती वेळा टोकलं असेल!

चाचणी प्रमाण मराठीत होती, इंग्रजीवरून उतरवलेली. चित्रांत टोस्टर, गिटार असलं काहीबाही. आई नुसती बघत राहिली. रिपोर्ट आला: ऐकून समजण्याची क्षमता फारच कमी.

झालं. त्या कागदावर आम्ही आईला निकालात काढलं. मी तिच्याशी शुद्ध मराठीत, मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं बोलायचे. ती उत्तर देईना, मग तेही सोडलं. एका दुपारी संजयचा फोन आला. स्पीकर चालू, आई शेजारी बसलेली. आम्ही दोघं अहिराणीतच बोललो. आई काही आता परत जायची नाही, गाय विकून टाकू, घर भाड्याने देऊ, असं ठरलं. आई रडायला लागली. झटक्यानंतर असं उगाच रडू येतं म्हणे, म्हणून मी तिचे डोळे पुसले आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

चौथ्या महिन्यात स्पीच थेरपी विभागात नवीन थेरपिस्ट आल्या. बाहेर बाकावर मी संजयशी फोनवर बोलत होते, ते त्यांच्या कानावर पडलं. घरी हीच भाषा का, म्हणून त्यांनी विचारलं. मी मान डोलावली.

“मग यांची चाचणी झालेलीच नाही,” त्या म्हणाल्या.

नुसतं भाषांतर करून भागत नाही, हे त्यांनी समजावलं. चित्रं आईच्या जगातली हवीत, आणि तिच्या वयाच्या धडधाकट बायकांना ती ओळखता येतात का, ते आधी बघायला हवं. नाहीतर आजार कुठला आणि चाचणीची चूक कुठली, कळणार कसं? मी सूप, उखळ, पाटा यांची चित्रं घेऊन आईच्या शेजारणींकडे गेले. आमच्या घरासमोर दुसऱ्यांचे कपडे वाळत होते.

पुढच्या आठवड्यात चाचणी झाली. प्रश्न अहिराणीत मी विचारायचे, गुण त्या मांडायच्या. आई एकेका चित्रावर बोट ठेवत गेली. बोलणं नव्हतंच, पण समजत जवळजवळ सगळं होतं.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर पहिल्याच दिवशी सांगा की घरात काय बोलतो. लाजू नका. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. पण चार महिने कुठून परत आणू?

चाचणी संपल्यावर मी आईचा हात धरला.

“माय, आम्ही फोनवर बोलनूत ते तुले समजनं व्हतं का?”

तिने माझ्याकडे पाहिलं. ओठ दोनतीनदा हलले.

“हाव,” ती म्हणाली, आणि हात सोडवून घेतला.