मामांच्या शेड आणि माझा डी ड्राइव्ह

नव्वदीच्या सुरुवातीला अंबरनाथमधल्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात मी कंप्युटर ऑफिसर होतो. पद भारी वाटतं ना? कंप्युटर एकच होता आणि ऑफिसरही एकच. स्टोअरच्या याद्या काढायच्या, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढायचा आणि कोणी केबिनमध्ये चपला घालून आलं की त्याच्यावर खेकसायचं, एवढंच काम. सबंध कारखान्यात एसी दोघांनाच होता, एक मॅनेजरसाहेबांना आणि एक कंप्युटरला. त्या एसीची हवा माझ्या डोक्यात गेली होती हे आज कबूल करतो. तेव्हा कोणी सांगितलं असतं तर त्यालाही चपला काढायला लावल्या असत्या.

आमचे डाइंग मास्टर मोरिवलीचे. कारखान्याच्या भिंतीपलीकडेच त्यांचं घर. रंगाची मशिनं उभी होती तिथे एके काळी त्यांच्या वडिलांचं भात व्हायचं. जमीन गेली, त्या बदल्यात नोकरी मिळाली. हमाल म्हणून लागले आणि तीस वर्षांत मास्टर झाले. मॅनेजरपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. कापडाला हवा तो रंग म्हणजे शेड आणायची तर पिवळा किती, लाल किती, निळा किती, मीठ आणि सोडा कधी घालायचा, पाणी किती तापवायचं, सगळं ठरलेलं लागतं. असल्या शेकडो शेड मामांनी पाच जाडजूड वह्यांत लिहून ठेवल्या होत्या. वह्यांची पानं रंगाने माखलेली, एकमेकांना चिकटलेली, आणि अक्षर असं की मामांखेरीज कोणाला लागू नये.

त्यात मामांना काचबिंदू झाला. रंगवाल्याचेच डोळे जायला लागले. दिवाळीनंतर रिटायर होणार हे ठरलं आणि मॅनेजरसाहेबांनी मला सांगितलं, "मामांच्या सगळ्या शेड कंप्युटरमध्ये घ्या."

तीन महिने रोज दुपारी मामा डोळ्याला भिंग लावून वही वाचायचे आणि मी टाइप करायचो. म्हणजे ते वाचायचे आणि मी शक्य तितक्या लवकर उरकायचो. एकदा भिंग खाली ठेवून, वहीवर हात टेकवत म्हणाले, "माजी पोरा काय या कामात येनार नाय. माजा जा काय हाय ता ह्याच हाय. नीट ठेव रं."

"मामा, कंप्युटरमध्ये गेलं की कायमचं झालं," मी म्हणालो. वर शहाणपणा पाजळला, "आता या वह्या कशाला? नुसता कचरा." आणि शेवटची शेड टाइप झाल्यावर त्या पाच वह्या मी स्वतःच्या हाताने बॉयलरवाल्याकडे नेऊन दिल्या. मामा दारात उभे राहून बघत होते. मला वाटलं, पटलं त्यांना.

या शेड ठेवल्या होत्या डी ड्राइव्हवर, म्हणजे मशीनमधल्या दुसऱ्या हार्ड डिस्कवर. ती मी उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराकडून आणली होती. तो म्हणाला होता, "साईं, मैं लगाके देता हूँ." मी नाक वर करून म्हणालो होतो, "जरूरत नहीं, मैं खुद इंजिनियर हूँ." इंजिनियर मी नव्हतो. सहा महिन्यांचा कोर्स केला होता, तोही संध्याकाळच्या बॅचला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात मशिनांची पूजा असायची. सगळी यंत्रं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून सजवायची. मी कंप्युटरच्या डब्यावर कुंकवाचं बोट टेकवलं तेवढ्यात आमचा फिटर मागून बोलला, "काय साहेब, नुसता पत्रा पुजताय? आम्ही लेथ उघडून आतल्या गिअरला कुंकू लावतो. आतल्या देवाला उपाशी ठेवणार काय?" दहा-बारा जण फिदीफिदी हसले.

झालं! माझ्या इभ्रतीचा प्रश्न आला. स्क्रू ड्रायव्हर मागवला, डबा उघडला आणि पूजा बाजूला ठेवून भाषणच ठोकलं. ही वरची डिस्क सी, हा मशीनचा मेंदू. ही खालची डी, हिच्यात मामांची तीस वर्षं. मेंदूला कुंकू आणि एक झेंडू वाहिला. डी अगदी खालच्या खणात, तिथे बोट पोचेना. मग तिला दोन बोटांत धरून थोडी पुढे ओढली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, झेंडू ठेवला आणि पुन्हा आत ढकलली. सगळ्यांनी हात जोडले. मामांनीसुद्धा. फिटर म्हणाला, "आता कसं!"

दुसऱ्या दिवशी दसरा. साडेतीन मुहूर्तांतला एक, म्हणून मी डॉसची, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची, नवी आवृत्ती त्याच दिवशी चढवायची ठरवली होती. बदलापूरला हेंद्रेपाड्यात एक मित्र राहायचा, त्याच्याकडून फ्लॉप्या आणून ठेवल्या होत्या. बायको म्हणाली, "पूजलेल्या हत्याराला आज हात लावू नये म्हणतात." मी म्हणालो, "अगं, ते कोयत्याला आणि नांगराला. कंप्युटरला असलं काही नसतं." मुहूर्त मात्र कंप्युटरला लागत होता, हे तिने बोलून दाखवलं नाही. भली बाई.

वॉचमनकडून केबिन उघडून घेतली. मशीन सुरू केल्यावर पडद्यावर कसलीशी ओळ आली. आमच्या मशीनला रोज सुरू होताना किबोर्डवरून कुरकुर करायची सवय होती. एफ-वन दाबलं की गप्प बसायचं. म्हणून तिथे काय लिहून येतं ते वाचायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं. दाबलं एफ-वन.

नव्या डॉसने दोन कोऱ्या फ्लॉप्या मागितल्या, जुनी सिस्टिम जपून ठेवायला. दुकानं बंद. ड्रॉवरमध्ये दोन फ्लॉप्या होत्या, त्यांच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "शेड - कॉपी". म्हटलं, मूळ आहेच की डी वर, उद्या पुन्हा कॉपी काढू. त्या दोन्ही पुसल्या. नेहमी कॉपी ठेवा असं लोकांना सांगत फिरणारा माणूस मीच बरं का.

अर्ध्या तासात नवं डॉस चढलं. खुशीत डी उघडायला गेलो, तर मशीन म्हणतं असा ड्राइव्हच नाही. पुन्हा केलं. नाही. मशीन बंद करून चालू केलं. नाही. त्या दिवशी घरी आपट्याची पानं द्यायला आलेल्या शेजाऱ्यांशी काय बोललो ते मला आजही आठवत नाही.

पुढचे सहा दिवस मी नव्या डॉसवर खापर फोडत होतो. त्याच्या फाइलींमधली एकेक ओळ बदलून पाहिली. जुनं डॉस परत आणलं, तरी डी नाही. आता बघा, जुनं आणूनही दिसत नाही म्हणजे दोष नव्याचा नाही, हे शेंबड्या पोराला कळावं. मी निष्कर्ष काढला की नव्याने जाता जाता डी खाऊन टाकली! मग पुन्हा नवं चढवलं. रोज सकाळी मशीन डॉस जागं होण्याच्या आधीच लिहून सांगत होतं, दुसरी डिस्क सापडत नाही, पुढे जायला एफ-वन दाबा. आणि मी रोज इमानदारीत एफ-वन दाबत होतो.

मामा मधून मधून डोकवायचे. "कागदावर कधी काढतोस रं? मना एकदा हातात घ्यायचाय." मी सांगायचो, प्रिंटरची रिबन संपली. मग, कागद संपला. सातव्या दिवशी ते खुर्ची ओढून समोर बसले. डोळे माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला, कारण चेहरा नीट दिसत नव्हता. "काय जाला ता सांग."

मग सगळं ओकलो. डिस्क दिसत नाही, फ्लॉप्या मी पुसल्या, वह्या मी जाळल्या. सांगताना रडायला आलं आणि लाज वाटली, पण थांबता येईना. मामांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ते मांडीवर हात घासत राहिले.

"कागद हाय?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"लिव मग. पयला खाकी."

आणि मामांनी डोळे मिटून सांगायला सुरुवात केली. ना वही, ना भिंग. मधेच अडायचे, बोटांनी हवेत पाण्याचा पारा दाखवल्यासारखं करायचे, "नाय नाय, सोडा मागनं," म्हणून दुरुस्त करायचे. या खेपेला मी हाताने लिहीत होतो आणि घाई करायची माझी हिंमत नव्हती. नऊ दिवस लागले. दोनशे बारा शेड झाल्या. वहीत होत्या तितक्याच.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा मॅनेजरसाहेब म्हणाले, ती मेलेली डिस्क टाका आणि नवी आणा. मी डबा रिक्षात घालून उल्हासनगर गाठलं. दुकानदाराने आधी पाणी आणि भाजलेला पापड समोर ठेवला, मग डबा उघडला. आत बघून तो थबकला. सुकलेला झेंडू, तांदळाचे दाणे, सगळीकडे कुंकू.

"साईं, ये कंप्युटर है या मंदिर?"

त्याने फुलं वेचून आदराने कागदावर ठेवली. मग खाली वाकून डी कडे जाणारी चपटी केबल बोटाने हलवली. अर्धी बाहेर आलेली होती. मी पूजेच्या दिवशी डिस्क पुढे ओढली ना, तेव्हाच. त्याने अंगठ्याने दाबली, खट् झालं. मशीन लावलं. डी हजर! मामांच्या सगळ्या शेड जागच्या जागी. "इंजिनियर साब, पापड खाओ," तो म्हणाला. मी मुकाट्याने खाल्ला.

एवढं होऊनही माणसाने सुधरावं ना? नाही. परत येताना रिक्षात माझी मान पुन्हा ताठ. संध्याकाळी पडद्यावरच्या शेड आणि मामांनी तोंडी सांगितलेल्या शेड शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिल्या, तर सतरा ठिकाणी फरक. मी पळत मामांना गाठलं. "मामा, डिस्क मिळाली! आणि तुमच्या सतरा शेड आठवणीत चुकल्यात. काळजी नको, कंप्युटरमध्ये बरोबर आहेत."

मामा म्हणाले, "लॅबमंदी टाकून बघ."

लॅबमध्ये एका गडद मरूनचे दोन तुकडे बनवले. एक कंप्युटरच्या आकड्यांनी, एक मामांच्या. कारखान्यात प्रत्येक शेडचा जुना कापडी नमुना जपलेला असे, तो आणून खिडकीत धरला. मामांचा तुकडा नमुन्याशी असा जुळला की शिवण शोधावी लागेल. माझा तुकडा कच्च्या विटेच्या रंगाचा. लालचा आकडा मी टाइप करताना उलटा मारला होता. दुसरी शेड लावली, तीच गत. तिसरी लावायला लॅबवाला तयार होता. मीच नको म्हणालो.

तीन महिने मामा वाचत होते, आणि मी लिहिलेलं एकदाही त्यांना वाचून दाखवलं नव्हतं. पडदा त्यांना दिसत नव्हता हे मला माहीत होतं. ती केबल निसटली नसती तर माझ्या चुका मामांच्या नावाने कारखान्यात चालल्या असत्या, आणि लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याला काही येत नव्हतं. हे लॅबमध्ये तो विटकरी तुकडा हातात धरून उभा असताना माझ्या डोक्यात शिरलं.

"मामा, सगळं दुरुस्त करतो," मी म्हणालो.

"कर. आनि मना वाचून दाखव."

मामांच्या नोकरीचे शेवटचे चार दिवस मी त्यांना वाचून दाखवत होतो. एकेक शेड, एकेक आकडा. ते डोळे मिटून ऐकायचे आणि बरोबर असलं की "हां" म्हणायचे. चौथ्या दिवशी दुपारी दोनशे बारावी वाचली. "हां," ते म्हणाले आणि पुढची ऐकायला थांबले.

"संपल्या, मामा."

"संपल्या?" त्यांनी डोळे उघडले आणि पडदा कुठे असेल त्या अंदाजाने बघत राहिले. मग हळू आवाजात विचारलं, "एवड्याच व्हत्या?"