न हललेली वाघर

गंगाराम धनगर गेल्याची खबर त्याचा धाकटा भाऊ म्हादू घेऊन आला, तेव्हा मी पेरणीसाठी तिफणीचे फण ठोकत बसलो होतो. तीर्थपुरीच्या अंगाला मुक्काम असताना ताप आला आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं, असं त्यानं सांगितलं. मी विचारलं, “मेंढरं कुणाकडं हायत?” तो म्हणाला, “माझ्याकडंच हायत, आबा.” मग मी उरलेला फण ठोकला. म्हादू चहा पिऊन गेला. त्याला तीन महिने होत आले. अजून डोळ्यांतून पाणी आलेलं नाही आणि का आलं नाही तेही मला सांगता येणार नाही.

वाटूरजवळ आमचं काळं रान आहे आणि त्याला लागून मुरमाड माळ. गंगाराम दरसाल वैशाखात यायचा. दिवसभर मेंढरं माळावर चारायची आणि दिवस मावळला की आमच्या रानात वाघर, म्हणजे दोरीची जाळी, लावून तिच्यात बसवायची. त्याबदल्यात तो ज्वारी न्यायचा. दर संध्याकाळी वाघर पुढे सरकायची, म्हणजे लेंडी साऱ्या रानात सारखी पडे. आमच्या वडिलांपासूनचा हा रिवाज. तरणा असताना मी एकदा फुशारकीनं म्हणालो होतो की, तुझ्या मेंढरांइतकं खत कुणी करीत नाही. तो हसला. “मेंढरू खत करीत न्हाई, आबा. ते माळ पोटात घालून आणतं निसतं.”

मला ते तेव्हा काही कळलं नाही. मी तालुक्याच्या शाळेत सातवीपर्यंत उर्दू शिकलेला, धनगराकडून काय शिकायचं... पुढे मस्तगडच्या एका अडत्यानं कपाशीच्या भावाची भूल घातली आणि मी माळ मोडला. नांगराला दगड लागत होते, तरी मोडला. पहिल्या साली कपाशी बरी आली, दुसऱ्या साली निम्मी, तिसऱ्या साली नुसत्या काड्या. चारा नाही म्हणून गंगारामही येईना आणि खाली काळ्या रानातली ज्वारी पिवळी पडू लागली. तेव्हा डोक्यात उजेड पडला. ऊन गवतात उतरत होतं, गवत मेंढरात, मेंढरू रात्रीतून ते आमच्या रानात टाकीत होतं आणि ती ज्वारी आम्ही खात होतो. मी मधेच एक कडी काढून विकली होती.

माळ पडीक टाकला. कुसळीचं गवत यायलाच चार पावसाळे गेले. पाचव्या वैशाखात गंगाराम आपणहून आला आणि वाघर लावू लागला. मी म्हणालो, “माझं चुकलं गड्या.” तो म्हणाला, “माळाला सांगा.” एवढंच. त्यानंतर आमच्यात मैतरकी झाली ती आतापर्यंत टिकली.

यंदा म्हादू दुसरा कळप घेऊन पुढे गेला होता, म्हणून गंगाराम एकटाच होता. पाच दिवस वाघर एकाच जागी दिसली. मला राग आला. खत एकाच ठिकाणी पडतंय, बाकीचं रान उपाशी राहतंय, एवढंच मला दिसत होतं. दिवस मावळायच्या सुमारास गेलो, तर तो घोंगडं पांघरून बसला होता. धनगराच्या अंगावर घोंगडं असायचंच, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

“वाघर का हलवली न्हाई, गंगाराम?”

“उद्या हलवतो, आबा.”

दुसऱ्या दिवशी तो मेंढरं घेऊन निघून गेला. आमचं शेवटचं बोलणं ते. ताप पुढे गेल्यावर आला, असं म्हादू म्हणाला होता आणि मी ते धरून बसलो होतो.

आता भादवा आहे. वाघर पाच रात्री होती तिथली ज्वारी काळीशार, डोक्याच्या वर गेली आहे. परवा खुरपणीला आत शिरलो तर मधोमध एक जागा सापडली. तिथली ज्वारी बाकी रानासारखी, कमरेएवढीच. मेंढरांच्या गराड्यात तो निजायचा ती जागा. तेवढ्या जागेत लेंडी पडली नव्हती.

गंगाराम माझ्याहून वीतभर उंच. मी खुरपं ठेवलं आणि ती जागा हातानं मोजली. अडीच हात भरली. पुन्हा मोजली, तितकीच. गुडघे पोटाशी घेतल्याशिवाय तिथे माणूस मावत नाही... वैशाखाच्या उकाड्यात, पाच रात्री, तो घोंगड्यात मुटकुळं करून तापाच्या हिवानं कुडकुडत पडला होता. आणि मी त्याला जागा हलवायला सांगत होतो.