शिरीषच्या मापाच्या स्की

नागपूरच्या विमानतळावर आईने शेवटचं वाक्य मला नाही, शिरीषला सांगितलं. "मन्याकडे लक्ष ठेव रे बाबा. तो कुठंही धडपडतो." मी चांगला शिकलासवरलेला, नोकरीवाला माणूस, भर मे महिन्यात गळ्यात नवा मफलर घालून उभा, आणि मला सांभाळायला शेजारच्या पोराच्या हवाली केलं जात होतं. शिरीषने मान डोलावली आणि आईच्या पाया पडला. माझ्याआधी. ते मी अजून विसरलेलो नाही.

शिरीष आमच्याच कॉलनीतला. त्याची आई तो लहान असतानाच गेली, वडील कायम फिरतीवर, त्यामुळे तो आमच्याकडेच वाढला म्हणा ना. भरल्या वांग्यांतलं मोठं वांगं त्याच्या ताटात. मी मार्क सांगायला घरात शिरलो, की आईचा पहिला प्रश्न, "शिरीषला किती?" पुढे कंपनीने ग्लासगोला पाठवायला आम्हा दोघांना निवडलं, तेव्हा मला आनंद झाला, पण अर्धाच.

तुम्ही जे तिकडेच राहिलात, त्यांना वाटतं की इकडे आलं की जुनी दुखणी मागे राहतात. तसं काही होत नाही. ती बॅगेत सगळ्यात खाली बसून येतात. पहिल्या हिवाळ्यात मी दोन स्वेटर घालून ऑफिस ते आम्हा दोघांचा फ्लॅट एवढाच प्रवास केला. शिरीष तोवर बसवाल्याला उतरताना थँक्यूऐवजी इथल्या लोकांसारखं "चीअर्स" म्हणायला लागला होता. दुसऱ्या हिवाळ्यात ऑफिसातल्या मंडळींबरोबर वीकेंडला स्कीइंग सुरू. आयुष्यभर कूलरसमोर झोपलेला माणूस हा! मग त्याने स्वतःच्या स्की घेतल्या आणि त्या घालून काढलेला फोटो आईला पाठवला. तो तिने टीव्हीवर ठेवला. मीही फोटो पाठवला होता, लायब्ररीसमोर छत्री धरून उभा असलेला. तो कपाटात गेला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्याच शनिवारी मी त्याने स्की घेतल्या ते दुकान गाठलं. पुरुषांच्या स्कींची अख्खी भिंतच होती. दुकानदार भला माणूस, त्याने एकेक जोडी काढून दाखवली. शिकाऊ माणसासाठी आखूड आणि लवचिक, हनुवटीपर्यंत येणारी, चुकलं तरी सांभाळून घेणारी. थोडं जमायला लागलं की मध्ये निमुळती, दाबलेल्या कडक बर्फावर चटकन वळणारी. ताज्या भुसभुशीत बर्फासाठी फळीसारखी रुंद. उड्या मारणाऱ्यांसाठी दोन्ही टोकं वर वळलेली. आणि कोपऱ्यात लांब, ताठ, वेगाने जाणाऱ्या तरबेज लोकांची. "ही चूक माफ करत नाही," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, तुम्ही कसे उतरता? सावकाश, बेताने की जोरात? बूट पकडणाऱ्या खटक्याची स्प्रिंग त्यावर ठरते. सावकाश जाणारा पडला की खटका लगेच सुटतो, जोरात जाणाऱ्याचा घट्ट धरून ठेवतो.

माझं तोवरचं स्कीइंग म्हणजे ग्लासगोतल्याच प्लास्टिकच्या नकली उतारावरचे दोन धडे. मी विचारलं, "माझ्या मित्राने कोणती घेतली? इंडियन, उंच, चष्मा?" त्याने कोपऱ्यातल्या ताठ जोडीकडे बोट दाखवलं. ती माझ्या डोक्याच्याही वर जात होती. शिरीष माझ्याहून चांगला वीतभर उंच आहे. "हीच द्या," मी म्हणालो, "आणि मी जोरात उतरतो." दुकानदाराने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. पण गिऱ्हाइकाला खोटं कसं पाडणार?

पुढच्या रविवारी सकाळी स्कॉटलंडच्या उत्तरेला, हायलंड्समधल्या डोंगरावर वारा असा होता, की बोललेलं तोंडातच राहावं. शिरीष झोकात वळणं घेत थोडं खाली उतरला आणि तिथून ओरडला, "मन्या, सरळ येऊ नको! आडवा ये, आडवा!" अगदी आईच्या सुरात. म्हणून मी सरळ गेलो.

स्की वळल्या नाहीत. अंग एकीकडे गेलं, पाय स्कीसकट दुसरीकडे राहिला आणि खटका काही सुटला नाही. गुडघ्यातून कळ डोक्यापर्यंत गेली. शिरीष बाजूबाजूने पावलं टाकत तेवढा चढ चढून आला, त्याने खटका दाबून माझा पाय सोडवला आणि स्प्रिंगकडे पाहिलं. "हे तर माझ्याइतकं घट्ट आहे."

"दुकानदाराने केलं," मी म्हणालो.

तो चष्म्यावरचा बर्फ पुसत म्हणाला, "बरं." ते 'बरं' मला गुडघ्याहून जास्त झोंबलं.

दुपारी घरी सोफ्यावर पाय पसरून बसलो. "काकूंना सांगायला हवं," शिरीष म्हणाला. मी नको नको म्हणेपर्यंत त्याने नंबर फिरवलासुद्धा. आमच्या घरचा नंबर त्याला तोंडपाठ! मी मोबाइलमध्ये बघून लावतो. त्याने स्पीकर लावला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि मग सुरू झाली, "तुला विमानतळावर सांगितलं होतं ना, लक्ष ठेव म्हणून? त्याला वर सोडून स्वतः पुढे निघून गेलास? अक्कल गहाण ठेवलीस का रे?" शिरीष खाली मान घालून "हो काकू, चुकलं काकू" करत होता. पण चेहरा असा, जसं काही ताटात मोठं वांगं पडलंय.

मला ते सहन होईना. पडलो मी, गुडघा माझा, आई माझी, आणि बोलणी खायला हा! मी फोन ओढून घेतला. "आई, चूक माझी आहे. मला बोल ना."

"तू आधी पाय वर घेऊन बस," ती म्हणाली. "आणि शिरीषला दे फोन."

आता माझ्याकडे आखूड, लवचिक स्की आहेत. दुकानात विचारलं, की मी सरळ "सावकाश" म्हणतो. इथे कुणाला बढती मिळाली, शेजाऱ्याने नवी गाडी घेतली, तर मला खुशाल बरं वाटतं. पोटात दुखतं ते फक्त नागपूरच्या त्या एका फोनवरून. त्यावरून मी समजतो माझं घर कुठं आहे ते. दर रविवारी शिरीष उठायच्या आत मी तिथे फोन लावतो. बहुतेक वेळा एंगेज लागतो, आणि शिरीषच्या खोलीतून "हो काकू, हो काकू" ऐकू येतं.