पुलाकडची खिडकी

मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, म्हणून सांगलीत मांजर सहसा कोणी मारत नाही. पोत्यात घालतात आणि कृष्णेवरचा पूल ओलांडून सोडून देतात. मधे नदी आली की मांजराला घरची वाट सापडत नाही, असा पक्का समज. काही जण तर जादा हुशार, पुलावर पोतं दोन-चारदा गरगर फिरवतात. आणि पूल उतरून सांगलवाडीत आलं की पहिलंच घर आमचं.

हे मिलिटरीतून रिटायर झाल्यावर आम्ही ते घेतलं तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. मी मेढ्याकडची, डोंगरातली. नदीपलीकडची ही अक्कल मला कोण सांगणार? फाटकाशी पहिलं पोतं सुटलं तेव्हा मी त्या माणसाला असं काही फैलावर घेतलं की तो चप्पल टाकून पळाला. मांजर मात्र राहिलं. मग दुसरं आलं, तिसरं आलं. म्हणता म्हणता नऊ झाली. एक काणा बोका, एक तुटक्या शेपटीची, बाकीची धडधाकट पण कुणाला तरी नकोशी झालेली.

पोतं आलं की हे पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "आलं बग तुझं टपाल." तोंडाने कुरकुर, पण संध्याकाळी ओट्यावर उभं राहून मांजरांची हजेरी घ्यायचे तेही हेच. एखादं कमी भरलं तर यांना चहा गोड लागत नसे.

मग दहावी आली, ती हळदीच्या पोत्यातून. मूळची पांढरीशुभ्र, पण पाठ, कान, पंजे सगळं पिवळंधमक. "आगं, हळद लागलेली नवरीच आली की!" हे म्हणाले, आणि तेव्हापासून तिला आम्ही नवरीच म्हणायला लागलो.

नवीन मांजर दोन दिवस रुसतं, मग दूधभाकरीवर विरघळतं. नवरीही दूध प्यायची. दुपारी माझ्या मांडीवर झोपायची, पदराचं टोक तोंडात धरून पिलासारखी चोखायची. हळद हळूहळू उतरली. पण दिवेलागण झाली की मांडीवरून उठायची आणि पुलाकडच्या खिडकीत जाऊन बसायची. ओरडायची नाही, नुसती बघत राहायची. मी हाक मारली की कान मागे वळायचे, तोंड वळायचं नाही.

मला त्याचा फार राग यायचा. अगं बये, ज्यांनी तुला पोत्यात कोंबलं त्यांची कसली वाट बघतेस? इथे दूध आहे, मांडी आहे, आणखी काय हवं तुला? शेवटी त्या रागातच मी खिडकीला जाळी ठोकून घेतली. काही उपयोग झाला नाही. एका सकाळी दूधवाल्याला दार उघडलं आणि ती माझ्या पायांतून निघून गेली.

"एवढी मांजरं हायती, एक गेलं तर काय बिघडलं?" शेजारीण म्हणाली. तिचं खोटं नव्हतं. पण मांडी नऊ मांजरांनी भरत नव्हती. मला तीच हवी होती.

ती हळदीच्या पोत्यातून आली होती, एवढाच धागा हातात. झाकणाची वेताची टोपली घेतली आणि पलीकडे जाऊन हळदीची गोदामं पालथी घालायला लागले. दोन-तीन फेऱ्या फुकट गेल्या. मग एका दारातून आत पाहिलं, तर पोत्यांच्या थप्पीवर बाईसाहेब पसरलेल्या. पुन्हा पिवळ्या झालेल्या.

गोदामाला लागूनच गोदामवाल्यांचं घर. घरातली बाई माझी हकीकत ऐकून ओशाळली. "आवं, सारखी पिलं घालायची, म्हणून आमचं मालक सोडून आलं व्हतं. आन एक दिवस बगतो तर उंबऱ्यात उबी! येवढी नदी वलांडून आली. मग परत सोडायला मन धजंना." मग माझ्या टोपलीकडे पाहून म्हणाली, "तुमी जीव लावलाय तिला. न्यायची आसंल तर न्या."

मी खाली बसले. नवरी उतरून आली. माझ्या लुगड्याचा, त्याला लागलेल्या नऊ मांजरांचा वास घेतला आणि मांडीवर चढली. पदर तोंडात धरला. माझा हात टोपलीच्या झाकणावर होता. तेवढ्यात आत भांडं वाजलं. ती उठली, अंग ताणलं आणि थप्पीवर जाऊन निवांत डोळे मिटून पडली. बराच वेळ मी तिच्याकडे पाहत होते. त्या घरात ती कुठेच बघत बसली नव्हती. मी झाकण लावलं आणि निघाले.

पुलावर मेढ्याचं माहेर आठवलं. आई गेल्यावर माहेरून कोणी ये म्हटलं नाही, म्हणून मीही गेले नाही. मानी स्वभाव. हे मांजर बिनबोलावता गेलं, तेही टाकून दिलेल्यांच्या दारात. मला ते कधी जमलं नाही, आणि भर रस्त्यात मला रडू आलं.

घरी येऊन यांना म्हटलं, ती जाळी काढा. "आगं, सगळी जात्याल की," हे म्हणाले. जायचं त्यांना जाऊ द्या, म्हटलं. ते अर्धंच खरं होतं. जी पूल ओलांडून गेली ती कधीतरी ओलांडून येईलही, हे उरलेलं अर्धं.

एकही मांजर गेलं नाही. नवरीही आली नाही. दिवेलागणीला मी त्या खिडकीत बसते. हे ओट्यावरून हाक मारतात ती ऐकू येते, पण तोंड वळवावंसं वाटत नाही. हजेरीत हल्ली हे दहा मोजतात. नऊ ओट्यावरची आणि एक खिडकीतली.