न धुतलेली गाडी
माझी गाडी मधूनच चढावर मरगळायची. कितीही पाय दाबा, ढिम्म! दोन गॅरेजवाल्यांनी पंप बदलला, प्लग बदलले आणि हात टेकले. त्यांच्याकडे नेली की बया शहाण्यासारखी पळायची.

शेवटी मेकॅनिक मावशीकडे गेलो. तीस वर्षं गाड्यांखाली काढलेल्या या बाईने बॉनेट उघडलंसुद्धा नाही.

"धुऊन आणलीत?"

"गॅरेजला घाणेरडी कशी आणायची, मावशी?"

"उद्या तशीच आणा."

दुसऱ्या दिवशी ती शेजारी बसली. चढावर गाडी मरगळताच तिने वाकून माझ्या पायाखालची रबरी चटई ओढली. ती सरकून ॲक्सिलरेटरखाली अडकत होती. आणि गाडी धुतली की मी चटई घरी वाळत टाकून यायचो!

मावशी म्हणाली, "डॉक्टरकडेही असेच बरे होऊन जाता का हो?"