धुतलेली काच

सांगलीतल्या आमच्या स्टुडिओत एक लाकडी पेटी होती. तीत पणजोबांनी काढलेले नाटकवाल्यांचे फोटो. त्या काळी फिल्म नव्हती, निगेटिव्ह काचेवरच उतरायची, काळ्याचं पांढरं नि पांढऱ्याचं काळं. शालू नेसून, नथ घालून बसलेले पुरुष नट. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावलेला.

धंदा माझ्या हाती आला तेव्हा तसबिरींना चौकटी करण्याचंच काम जास्त होतं. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून या काचा बुडवल्या, की चित्र सालीसारखं सुटायचं. एका हिवाळ्यात मी सगळी पेटी धुतली. गेलेल्या माणसांच्या फोटोंना ती काच लावली. तेव्हा काही वाटलंही नाही.

काही वर्षांनी कराडहून एक आजी आल्या. त्यांचे आजोबा नाटकात बायकांची कामं करायचे, फोटो आमच्याकडेच निघालेला.

"समदी म्हणत्यात, मी आज्ज्याचं नाक घिऊन आलीया. म्या त्यास्नी कवा बघितलंच न्हाई. एकडाव नाक तरी बघू दे की रं."

"महापुरात गेलं सगळं, आजी," मी म्हणालो. सांगलीत या उत्तरावर कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

त्यांनी माझ्याच पाठीवरून हात फिरवला. "पाण्याफुडं कुणाचं चालतंय, लेकरा? जिवाला लावून घिऊ नगंस." जाताना चार पेरू ठेवून गेल्या. मला ते खाववले नाहीत.

यंदा दुकान हलवताना माळ्यावर एक अर्धवट धुतलेली काच सापडली. कडेच्या चिठ्ठीवर त्यांच्याच आजोबांचं नाव. पदर, बांगड्या, मांडीवरचे हात शाबूत. गळ्यापासून वर कोरी.

कराडला गेलो. आजींनी काच दाराच्या उजेडात धरली.

"तोंड कुठाय?"

"मी धुतलं."

"पुरानं न्हाई?"

"नाही."

त्यांनी काच उजेडातून खाली घेतली. मग म्हणाल्या, "आन् त्या दिशी मी तुझीच समजूत घालत बसले व्हय!"

मी घाईघाईने म्हणालो, "कॉम्प्युटरवर तुमच्यावरून चेहरा बसवून देतो."

"गप बस. एकडाव फसवलंस, लय झालं. हाय तेवढंच छाप." त्यांचं बोट काचेवरच्या बांगड्यांवरून फिरत होतं.

निगेटिव्हचा कोरा भाग छापला की कागदावर काळा उमटतो. ते या वेळी मी आधीच सांगितलं.

"येऊ दे काळं," त्या म्हणाल्या.