मामाची डिझेल गाडी आणि नवरीचा भाऊ

त्या लग्नाची आठवण आली की निवृत्तीनंतरही मला एकट्यालाच हसू फुटतं. मालेगाव तालुक्यातल्या एका ठाण्यात मी ठाणेदार होतो. सकाळीच रिठदचा एक माणूस तरण्याताठ्या पोराची गचांडी धरून आत शिरला. मागे नवरदेव, बाशिंगासकट! माणूस नवरदेवाचा मामा, पोरगा नवरीचा भाऊ. हा पोरगा वरपक्षाला आणायला गेला होता आणि मामाची डिझेल गाडी चालवत मेडशीला, लग्नाच्या मांडवाकडे, निघाला होता. वाटेत इंजिन बसलं.

"यानंच काहीतरी टाकलं, साहेब!" मामा ओरडला. "साखरपुड्यात मानपानावरून मी याले बोललो होतो. याले आत टाका, नाहीतर आमी वरात वापस नेतो!"

तेवढ्यात रस्त्यावरच्या चहावाल्यानं फोनवर खबर दिली, की या पोरानं बोनेट उघडून आत बाटली रिकामी केली होती. झालं! मांडवातून नवरीचा निरोप आला, भाऊ आल्याशिवाय मी बोहल्यावर उभी राहणार नाही.

पोराला समोर बसवलं. "काय ओतलं रे?"

"पाणी, साहेब. रेडिएटरमंदी. माह्याच बहिणीचं लगन मी कायले बिघडवू?"

खोटारडा आधी शपथा घेतो, यानं एकही घेतली नाही. मी मामाकडे वळलो. "बंद पडताना गाडीनं आचके दिले?"

"कायचे आचके? खटकन वाजलं अन् खल्लास!"

भेसळ असती तर गाडी आचके देत थांबली असती. गाडी टोचन लावून ओढत आणवली, मिस्तरी बोलावला, दोन पंच उभे केले. कव्हर निघालं आणि आत टायमिंग बेल्ट तुटून पडलेला, दात झडलेले. हा पट्टा तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि इंजिनाची वाट लागते.

"मामा, हा बेल्ट कधी बदलला होता?"

"बेल्ट? दर दसऱ्याले हार घालतो, नारळ फोडतो. आखीन काय कराव लागते, साहेब?"

हवालदार तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाला. मलाही आवरेना.

पोराला तिथंच सोडलं. वरात ट्रॅक्टरवर बसली, मागोमाग मीही गेलो. तक्रारदाराचा राग कितीही खरा असला तरी तो पुरावा नसतो, हे त्या दिवसापासून मी प्रत्येक नव्या फौजदाराला सांगत आलो.

मांडवात कानपिळी आली. भावानं नवरदेवाचा कान पिळला. तसा मामा गर्दीतून पुढे आला आणि फेटा वर सरकवून त्यानं सगळ्यांदेखत आपला कान पुढे केला.

"माहाबी पिळ, बाबा. चांगला जोरानं!"

पोरानं कसलीही कसर ठेवली नाही. सगळ्यात मोठ्यानं नवरी हसली.